हायड्रिला ओळखायला शिकताना

पाणवनस्पतींचा अभ्यास नव्याने सुरू करताय, तर हायड्रिलाची फांदी हातात धरून बघत बसू नका. पाण्याबाहेर तिचा नुसता लोळागोळा होतो. पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात ती पसरा, मग एकेका पेराशी किती पानं आहेत ते मोजा. साधारण तीन ते आठ सापडतील, बहुधा पाच. पण नुसत्या संख्येवर विसंबू नका. एलोडिया आणि एजेरिया या हायड्रिलासारख्याच दिसणाऱ्या पाणवनस्पती इथेच फसवतात. पान टोकाकडून बुडख्याकडे हळूच बोटांतून ओढा, कडेचे दाते खरखरीत लागतात. पक्की खूण मात्र चिखलात असते: वाटाण्याएवढे पांढरट-पिवळसर कंद. त्या दोघींना ते नसतात. म्हणून हिसका देऊन उपटू नका, मुळांखालचा गाळ हाताने सैल करा.

फुलं दिसली तर बाकी सगळं बाजूला ठेवा! नर फूल पाण्याखालीच सुटून वर येतं आणि उघडताना परागकण हवेत उडवतं. इतकं सुंदर परागण फार थोड्या वनस्पतींत बघायला मिळतं.

आणि बघून झालेला नमुना दुसऱ्या तळ्यात कधीही टाकू नका, पेर असलेला छोटा तुकडाही तिथे रुजतो.