मे महिन्याच्या सुट्टीत वाचायला अलीकडची कोणती मराठी कादंबरी घेऊ? (कोल्हापूर)

कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ घ्या. लेखक आपल्याच जिल्ह्यातले आणि पुस्तकाला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, पण मी सुचवतोय ते म्हशीसाठी. धरणामुळे गाव उठतं, म्हैस मागं राहते आणि देवाप्पा तिला आणायला रानात परत जातो. तोवर ती पुरती रानची झालेली असते, मालकालाही जुमानत नाही. माणूस आणि जनावर समोरासमोर येतात ती पानं सोडवत नाहीत. मात्र गोष्ट झरझर पुढं सरकत नाही. प्रवासात चाळायचं पुस्तक नव्हे. दुसरी हवी असेल तर प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’. विकत घेण्याआधी करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघा.