आवाज शून्यावर, तरी घूंऽऽ

प्रश्न: रिटायर झाल्यावर हौसेनं ट्यूबचा प्रीअँप (मुख्य अँप्लिफायरच्या आधी सिग्नल वाढवणारा भाग) बांधला. एक ईसीसी८३ ट्यूब, बुधवार पेठेतून आणलेला ट्रान्सफॉर्मर, २५० व्होल्टचा सप्लाय. गाणं गोड वाजतं, पण मागे सतत घूंऽऽ. इनपुटचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढंच. काय करू?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: शून्यावरही येतंय म्हणता, म्हणजे प्लेअर आणि त्याची केबल बहुधा सुटली. आता कान लावा. घूं ५० हर्ट्झचं आहे की १००चं? १०० म्हणजे बरोबर एक सप्तक वर, जरा खरखरीत. तसं असेल तर फिल्टर कपॅसिटर, म्हणजे सप्लायचा डीसी सपाट करणारे, बघा. पहिल्या कपॅसिटरची निगेटिव्ह आणि इनपुटची ग्राउंड एकाच तारेवर ओवलेली नाही ना?

खर्जातलं ५० असेल तर हीटर, म्हणजे ट्यूब तापवणारी तार, बघा. ट्यूबच्या ४ आणि ५ नंबरच्या पिना एकत्र, दुसरं टोक ९ला, ६.३ व्होल्ट. या दोन तारांना वेणीसारखा घट्ट पीळ द्या आणि चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या. ट्रान्सफॉर्मरच्या हीटर वाइंडिंगला सेंटर टॅप (मधोमध काढलेली तार) नसेल तर दोन्ही तारांवरून १००-१०० ओहमचे रेझिस्टर ग्राउंडला. मी स्वतः दोन रविवार कपॅसिटर बदलत बसलो होतो. शेवटी ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरवला आणि घूं गेलं! बायको म्हणाली, आधी तेच करायचं होतंत.

आणि हो, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये २५० व्होल्ट दबा धरून असतात. त्याच्या दोन टोकांमध्ये १०० के (किलो-ओहम), २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडा. तरीही हात घालण्याआधी मीटर लावून बघाच.