चैत्र-वैशाखात कोकणात पक्ष्यांची पिल्ले कुठे आणि कशी दिसतात

तुम्ही लिहिले आहे की गुहागरजवळच्या माहेरी आल्यापासून आठ वर्षांच्या मुलीला घेऊन तुम्ही रोज सकाळी आगरातून वरच्या उघड्या कातळाच्या सड्यावर आणि तिथून उतरून वाळूच्या पुळणीपर्यंत फिरायला जाता, पक्षी पुष्कळ दिसतात, पण पिल्लू अद्याप एकही दिसलेले नाही, तेव्हा घरटी नेमकी कुठे शोधावीत. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज असाही उल्लेख केला आहे की परवा दगडी गडग्याच्या पायथ्याशी आखूड शेपटीचा, छातीवर तपकिरी ठिपके असलेला एक पक्षी अंग फुगवून बसला होता, तुम्ही तीन-चार पावलांवर गेलात तरी उडाला नाही, आणि तो आजारी असावा असे वाटून मुलीला तो घरी न्यायचा होता. माझे उत्तर तिथूनच सुरू होते, कारण वर्णनावरून ते दयाळाचे पिल्लू होते, घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले. म्हणजे पिल्लू तुम्हाला दिसलेले आहे. ते पिल्लू म्हणून ओळखता आले नाही, इतकेच.

हे बहुतेकांच्या बाबतीत घडते. पिल्लू म्हटले की घरट्यात बसलेला, डोळे मिटलेला आणि चोच वासलेला बिनपिसांचा जीव आपल्या डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात दयाळ, बुलबुल, शिंपी, शिंजीर यांच्यासारख्या लहान पक्ष्यांची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दोन आठवडेच घरट्यात राहतात, आणि तेवढा काळ त्यांना लपवून ठेवण्यासाठी आईबापांचा जीव टांगणीला लागलेला असतो. नीट उडता येण्याआधीच ती घरटे सोडतात, आणि त्यानंतरचे काही दिवस, कधी काही आठवडे, झुडपांत, फांद्यांवर, क्वचित जमिनीवर बसून आईबापांकडून भरवून घेतात. फिरायला निघालेल्या माणसाला कोणाचेही नुकसान न करता पाहता येईल असे पिल्लू हेच. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा की घरटी शोधूच नका. घरट्याबाहेर पडलेली पिल्ले ओळखायला शिका, आणि त्यांचा माग त्यांच्या आईबापांच्या वागण्यावरून काढा.

ओळख फारशी अवघड नाही. शेपटी अंगाच्या मानाने आखूड असते, चोचीच्या दोन्ही कोपऱ्यांशी मऊ पिवळसर कडा असते, डोक्यावर पिसांतून लव डोकावत असते, आणि आई किंवा बाप जवळ आला की पिल्लू अंग चोरून पंख थरथरवते. रंग मात्र फसवतो. शिपाई बुलबुलाच्या पिल्लाच्या गालावर लाल ठिपका नसतो आणि बुडाखालचा लाल रंगही फिकट नारिंगी असतो. वेड्या राघूच्या पिल्लाला शेपटीतून निघणारी ती लांब सुई नसते. खाडीवर घिरट्या घालणारी पांढऱ्या डोक्याची, विटकरी पंखांची ब्राह्मणी घार सर्वांच्या ओळखीची आहे; पण तिचे पिल्लू तपकिरी असते आणि लोक त्याला साधी घार समजतात. घारीच्या शेपटीला खाच असते आणि या पिल्लाची शेपटी टोकाला गोलसर असते, एवढे मुलीला सांगून ठेवले तर ती ते दुरूनही ओळखील.

आता आईबापांविषयी. पक्ष्याच्या चोचीत अळी किंवा नाकतोडा आहे आणि तो ती गिळत नाही, उलट फांदीवर बसून इकडेतिकडे पाहतो आहे, असे दिसले की जवळपास पिल्ले आहेत हे पक्के समजावे. दुसरी खूण कमी लोकांना माहीत असते: दाट झुडपातून बाहेर येणाऱ्या पक्ष्याच्या चोचीत पांढरी पुडी दिसते. ती पिल्लाची विष्ठा असते. तिच्यावर पातळ आवरण असते, त्यामुळे ती उचलून दूर नेऊन टाकता येते आणि घरट्याचा पत्ता भक्षकाला लागत नाही. तुमच्या वाटेवरच्या व्हाळाशी, म्हणजे ओढ्याशी, छोटा खंड्या असेल, तर त्याने मासा कसा धरला आहे तेही पाहा. स्वतः खायचा मासा तो डोक्याकडून गिळता येईल असा धरतो. पिल्लांसाठी नेताना माशाचे डोके चोचीच्या टोकाकडे, बाहेरच्या बाजूला असते, म्हणजे पिल्लाला तो डोक्याकडून गिळता येतो. आपल्याकडे चिरेखाणींच्या मातीच्या भिंतींत आणि व्हाळाच्या दरडींत खंड्यांची बिळे असतात.

अशी खूण दिसल्यावर पुढे जाऊ नये, थांबावे. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या परसातल्या अनंताच्या झाडात बुलबुलाचे घरटे होते आणि तीन पिल्ले होती. छायाचित्र नीट यावे म्हणून मी पुढची दोन पाने आणि एक डहाळी बाजूला बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटे रिकामे होते आणि भारद्वाज त्याच झाडाखालून चालत गेला. त्याचा दोष नाही, ते त्याचे अन्न आहे. पडदा मी काढला होता. भारद्वाज, टकाचोर, कावळा आणि धामण या सर्वांचे माणसाच्या हालचालींकडे लक्ष असू शकते, आणि आपण दोनदा जिथे वाकून पाहतो ती जागा त्यांनाही कळते.

पक्ष्यांना आपली नजर समजते असे मी म्हटले तर कदाचित ते भाबडेपणाचे वाटेल, पण वेड्या राघूवर पुण्यातील संशोधकांनी केलेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तेच दाखवतो. माणूस जिथून घरट्याच्या बिळाचे तोंड पाहू शकतो तिथे उभा असेल तर राघू बिळात जायला वेळ लावतो. तोच माणूस तेवढ्याच अंतरावर, पण बीळ दिसणार नाही अशा जागी उभा राहिला तर राघू निर्धास्त आत जातो. हा पक्षी चोचीत माशी घेऊन तारेवर बसून राहिला आणि आत जात नसेल, तर तुम्ही चुकीच्या जागी उभ्या आहात. दहा पावले बाजूला व्हा, बीळ नजरेआड होऊ द्या आणि तारेवरच्या राघूकडे पाहत राहा. बाहेर पडलेली पिल्ले पुढे याच तारेवर ओळीने बसतात. तेव्हा ती मनसोक्त पाहता येतील.

तुमच्या वाटेवरची सर्वांत समृद्ध जागा सडा आहे, आणि तिथेच सर्वांत जपून चालायला हवे. टिटवी उघड्या कातळावर, चार खडे रचून, बहुधा चार अंडी घालते. ती खड्यांच्या रंगाची असतात. दोन हातांवरून गेलो तरी दिसत नाहीत. सुमारे चार आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि पिसे सुकताच चालू लागतात. ही पिल्ले बुलबुलाच्या पिल्लांसारखी भरवून घेत नाहीत. ती आपले किडे आपणच टिपतात, आईबाप फक्त राखण करतात. वैशाखात कातळ तापला की टिटवी डबक्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. गेल्या वर्षी चिऱ्यांच्या राशीआड बसून मी हे पाहिले: मादी उठली, चालत पाण्यावर गेली, पोट बुडवून परत आली, आणि तिच्या पोटाखालून तीन पिल्ले बाहेर पडून कुर्डूच्या सावलीला गेली. चौथे अजून अंड्यात होते. चाळीस मिनिटे मी हललो नाही, आणि त्या अर्ध्या सकाळीइतके माझे मन कुठेच रमलेले नाही.

टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली, किंवा पंख मोडल्यासारखी जमिनीवर फरफटत जाऊ लागली, तर तिच्या मागे जाऊ नका आणि तिला अशुभही मानू नका. पिल्लांनी त्या क्षणी जमिनीला चिकटून अंग आखडून घेतलेले असते आणि तुमचे पुढचे पाऊल त्यांच्यावर पडू शकते. तिथल्या तिथे थांबा, पायांभोवतीची जमीन नीट पाहा, आणि आल्या पावलांनी परत फिरा. मग पन्नास-साठ पावलांवर खाली बसा. धोका टळला असे वाटले की आईबाप गप्प होतात, आणि मघाशी खडे वाटणारे दोन-तीन गोळे उठून धावू लागतात. मुलीसाठी यासारखा दुसरा देखावा नाही.

‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण ज्या कथेवरून आली, तिच्यात समुद्राने टिटवीची अंडी वाहून नेली होती. आज सड्यावर तिला समुद्रापेक्षा आगीचे भय अधिक आहे. भाजावळीच्या, म्हणजे पेरणीआधी शेत भाजण्याच्या, दिवसांत शेतात लावलेली आग वाऱ्याने सड्यावर चढते, कधी गवत मुद्दाम पेटवले जाते, आणि टिटवी, चंडोल, रातवा यांची जमिनीवरची अंडी-पिल्ले त्यात जातात. तुमच्या वाडीत कोणी तरवा, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजणार असेल, तर सड्याच्या बाजूने आधी गवत काढून पट्टा मोकळा करायला जरूर सांगा. माहेरवाशिणीचे म्हणणे गावात ऐकले जाते, म्हणून हे तुम्हाला आवर्जून लिहितो.

पुळणीवर पिल्ले पाहण्याची अपेक्षा कमी ठेवा. हिवाळ्यात आलेले बहुतेक किनारपक्षी आणि कुरव चैत्रात परतीला लागतात आणि त्यांची पिल्ले दूर उत्तरेत होतात. मात्र सुरूच्या बनाकडे किंवा उंच आंब्याच्या शेंड्याकडे दुर्बीण लावा. काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, तेच मोठे घरटे वर्षानुवर्षे वापरतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कोकण किनाऱ्यावर त्याच्या घरट्यांच्या नोंदी घेतल्या आहेत. त्याची वीण हिवाळ्यात सुरू होते, त्यामुळे आता एखाद्या घरट्यात किंवा शेजारच्या फांदीवर आईबापांएवढेच मोठे, पण तपकिरी पिल्लू दिसू शकेल. त्या झाडाखाली जाऊ नका. किनाऱ्यावरून पाहिलेलेच पुरेसे असते. देवराईतल्या धनेशाची मादी या दिवसांत ढोलीचे तोंड लिंपून आत बसलेली असते, नर फटीतून तिला फळे भरवतो. ती पिल्ले पावसाच्या तोंडाशी बाहेर येतील.

काही पिल्ले तुम्हाला आता दिसणारच नाहीत, आणि ती दिसली नाहीत म्हणून मुलीने खट्टू होऊ नये. सुगरणीची घरटी पाऊस पडून भात आणि गवत वर आले की विणली जातात. अलिबागजवळच्या किहीमला सालिम अलींनी १९३० साली याच पक्ष्याच्या वसाहतीपुढे चिकाटीने बसून पाहिले, आणि नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते पसंत करते, मग नर दुसरे विणायला घेतो, हे त्यांच्या ध्यानात आले. पाणकोंबडीची काळी, लोकरीच्या गोळ्यासारखी पिल्लेही भाताच्या खाचरांत पावसाळ्यातच दिसतील. कोकिळेचे पिल्लू मात्र मे महिन्याच्या अखेरीपासून पाहायला मिळेल: कावळा एका काळसर पिल्लाला भरवत असेल आणि त्या पिल्लाचा आवाज कावळ्याचा वाटणार नाही, तर नीट पाहा, त्याची वासलेली चोच आतून लाल दिसते.

आता परवाच्या प्रसंगाविषयी. अंगावर पिसे आलेली असतील आणि पिल्लू उड्या मारत असेल, तर ते जिथे आहे तिथेच राहू द्यावे. वाटेत किंवा मांजराच्या टप्प्यात असेल, तर उचलून चार-पाच हातांवरच्या झुडपाच्या फांदीवर ठेवावे आणि दूर व्हावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खरा नाही. ती टाकते ती आपण तिथून हलत नाही म्हणून. पिसे आलेली नसतील, तर ते खरोखर पडलेले असते. घरटे दिसत असेल तर परत ठेवावे, घरटेच कोसळले असेल तर तळाला भोके असलेली लहान टोपली सुक्या गवताने भरून त्याच फांदीला सावलीत बांधावी. दूध, भात, पाव यांतले काहीही देऊ नये, आणि चोचीत पाणी तर मुळीच सोडू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि पाणी थेट त्यात जाते. जखमी पिल्लू भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पोपटाची पिल्ले ढोलीतून काढून पाळण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि अंडी किंवा घरटे नष्ट करणेही त्यातच येते.

तुमचे दयाळाचे पिल्लू बहुधा अजून त्याच परिसरात असेल. उद्या सूर्य माडांच्या वर येण्याआधी त्या गडग्यापासून पंधरा-वीस पावलांवर, शक्यतो झाडाला टेकून, दोघीही बसा. काळापांढरा नर उंचावर गाताना दिसेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. राखाडी झाक असलेली मादी पाचोळ्यातून अळी उचलून कोणत्या झुडपात शिरते ते पाहा. एकापेक्षा अधिक पिल्ले असतील, तर ती वेगवेगळ्या झुडपांत विखुरलेली असतील आणि आई त्यांच्याकडे आळीपाळीने जाईल. तिच्या फेऱ्या मुलीला मोजू द्या.