बोटीवरची खोली: जमीन मोकळी ठेवा, भिंती कामाला लावा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळीनंतर मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझच्या सहली सुरू झाल्या, की सामानाबद्दलची पत्रं वाढतात. कोकणातल्या माणसाला बोट नवी नाही, पण बोटीवर कपाटाची, बाथरूमची आणि बंद दाराची खोली बहुतेकांना नवी असते. जुन्या आगबोटीवर डेकवर वळकटी पसरली की संसार लागला. इथे सगळा घोळ खोलीमुळेच होतो.

आम्ही दोघं आणि दोन मुलं (वय 11 आणि 8). मुंबई–गोवा–मुंबई, तीन रात्री, एकच खोली घेतली आहे. दोन मोठ्या कडक सुटकेस आणि एक ट्रॉली न्यायचा विचार आहे. मावेल ना?
— एक वाचिका, वेंगुर्ले

सामान मावेल, पण मग तुम्हाला वावरायला जागा उरणार नाही. आतल्या बाजूची, खिडकी नसलेली खोली बाथरूम धरून साधारण 120 ते 180 चौरस फूट असते. दोन पलंग जोडलेले असले, तर त्यांच्या दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दोन फुटांची वाट उरते. वरच्या दोन बर्थ दिवसा छताला किंवा भिंतीला दुमडून ठेवतात आणि रात्री खाली घेतात. त्यांना शिडी लागते आणि ती त्या अरुंद वाटेतच उभी राहते. म्हणजे संध्याकाळ व्हायच्या आत जमिनीवरची प्रत्येक बॅग हललेली हवी.

कडक सुटकेस इथे नडते, कारण ती पुस्तकासारखी मधोमध उघडते. 28 इंची सुटकेस उघडली की तिला दुप्पट जमीन लागते. एवढी जागा त्या खोलीत फक्त पलंगावर असते, आणि पलंगावर कोणीतरी बसलेलं असतं. त्याऐवजी वरून चेन असलेल्या दोन मऊ कापडी बॅगा घ्या, 22 ते 24 इंची. चौघांना तीन रात्रींसाठी तेवढ्या पुरतात. अशी बॅग पलंगाखालून अर्धी ओढायची, झाकण उचलायचं, हवं ते काढायचं आणि पुन्हा आत ढकलायची. पलंगाखाली बहुतेक जहाजांवर बॅगेपुरती जागा असते. रिकामी झालेली लहान बॅग मोठीच्या पोटात घाला.

कपडे माणशी मोजून घ्या: दिवसाचे तीन जोड, संध्याकाळच्या जेवणाला एक बरा जोड, रात्रीचा एक, पोहण्याचा एक. जहाज वातानुकूलित असतं आणि जेवणघरात, नाटकगृहात गारठा जाणवतो, म्हणून प्रत्येकाला एक पातळ स्वेटर किंवा शाल हवी. पादत्राणांचे दोनच जोड: एक पायात, एक बॅगेत. पैठणी न्यायची हौस असेल तर जरूर न्या, पण इस्त्री करूनच न्या. इस्त्री खोलीत चालत नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

चौघांना चार रंगांच्या कापडी चेनच्या पिशव्या शिवून घ्या किंवा विकत आणा, आणि एका माणसाचे कपडे एकाच पिशवीत गुंडाळी करून भरा. खोलीत शिरल्यावर पिशव्या जशाच्या तशा खणांत ठेवायच्या. खण चार नसतील तर मुलांच्या दोन पिशव्या पलंगाखालच्या बॅगेतच राहू द्या. ज्या घरात सगळ्यांचे कपडे एकत्र भरतात, तिथे पहिल्याच संध्याकाळी मोज्याच्या एका जोडीसाठी सगळी बॅग पलंगावर उपडी होते.

कपाटातली लाइफ जॅकेटं मात्र बॅगांमागे दडपू नका. काही जहाजांवर ती खोलीत असतात, काही ठिकाणी संकटाच्या वेळी सगळ्यांनी जमायच्या जागी ठेवलेली असतात. चढल्यावर पहिल्यांदा हे बघून घ्या. मुलांच्या मापाची मागावी लागली तर त्याच वेळी मागा. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, त्यानंतर नियम कडक झाले आणि सुरक्षा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटताच घेतला जातो. त्या वेळी सामान लावत बसायचं नाही.

खोलीच्या भिंतींना लोहचुंबकाच्या कड्या चिकटतात असं ऐकलं. खरं का? आणि दारावर अडकवायचा कप्प्यांचा पडदा नेऊ का?
— एक वाचक, मालवण

खरं आहे. बहुतेक जहाजांवर खोलीच्या भिंती म्हणजे वर पातळ थर चढवलेले पोलादी पत्रे असतात. छत बऱ्याचदा तसंच. काही जुन्या किंवा सजवलेल्या खोल्यांत लाकडी फळी असते, तिथे चुंबक धरत नाही. म्हणून सहा-आठ कड्या न्या, जास्त नकोत.

मात्र पाकिटावर लिहिलेल्या वजनावर जाऊ नका. ‘10 किलो’ हा आकडा चुंबक भिंतीपासून सरळ ओढला तर किती धरेल, त्याचा असतो. भिंतीवर टांगलेलं ओझं मात्र खाली ओढतं, आणि तिथे चुंबकाला आधार फक्त घर्षणाचा. गुळगुळीत पत्र्यावर ती कडी तिसऱ्या हिश्श्याच्या वजनालाही हळूहळू घसरू लागते. त्यात जहाजाचं हेलकावणं आलंच. कडीच्या पाठीला पातळ रबराची चकती लावली तर पकड सुधारते, पण चकती जाड झाली तर चुंबकाचा जोरच कमी होतो. टोप्या, ओळखपत्राच्या दोऱ्या, कापडी पिशवी, ओला पंचा एवढंच टांगा. पाण्याची बाटली भरलेली पाठपिशवी नको.

खोलीच्या चावीचं कार्ड चुंबकी पट्टीचं असेल तर कडीजवळ ठेवल्यावर ते बिघडतं. घरात कुणाला पेसमेकर असेल तर जोरदार चुंबक त्याच्या छातीजवळ नेऊ नका. चिकटपट्टी आणि खिळा तर अजिबात नको. चिकटपट्टीने थर निघतो आणि त्याची भरपाई बिलात येऊ शकते.

कप्प्यांचा पडदा उत्तम वस्तू आहे. कंगवा, गॉगल, सनस्क्रीन, चार्जर, मुलांचे पत्ते, सगळं डोळ्यांसमोर राहतं. पण तो खोलीच्या मुख्य दारावर अडकवू नका. ते दार आग अडवणारं असतं, ते आपोआप आणि पूर्ण मिटलं पाहिजे, आणि वरच्या लोखंडी आकड्याने त्यात फट राहते. पडदा बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला किंवा चुंबकाच्या कड्यांवर लावा. 24 कप्प्यांचा आणला असेल तर खालची ओळ रिकामी ठेवा. तिथे गुडघा लागतो.

आणखी एक. छतातून खाली आलेला पितळी नळीसारखा तुकडा दिसेल, त्यात काचेची बारीक कुपी असते. तो आग विझवणाऱ्या पाण्याचा फवारा. सर्रास वापरल्या जाणाऱ्या लाल रंगाच्या कुपीचा अर्थ ती 68 अंश सेल्सियसला फुटते. हँगर अडकवल्यावर ती थंडपणीही फुटू शकते, आणि मग तुमच्याबरोबर शेजारच्या खोलीचंही सामान भिजतं. खुंटी म्हणून ती जागा कितीही सोयीची दिसली तरी तिथे काही टांगायचं नाही.

मित्राचा स्पाइक गार्डवाला एक्स्टेन्शन बोर्ड तपासणीत काढून घेतला. घरी तर आपण सुरक्षिततेसाठीच तो वापरतो! मग मोबाईल, कॅमेरा, घड्याळ चार्ज कसं करायचं?
— एक वाचक, रत्नागिरी

घरच्या वायरिंगमध्ये दोन तारांपैकी एकच ‘जिवंत’ असते, दुसरी न्यूट्रल, जिचा जमिनीशी संबंध जोडलेला असतो. जहाजांवर बहुतेक ठिकाणी असं नसतं. दोन्हीपैकी कुठलीच तार जहाजाच्या सांगाड्याला जोडत नाहीत, म्हणजे दोन्ही तारांवर सांगाड्याच्या तुलनेत विजेचा दाब असू शकतो. स्पाइक गार्डच्या पोटात तारेपासून अर्थिंगकडे जाणारे भाग असतात आणि त्याचं बटण बऱ्याचदा एकच तार तोडतं. जहाजावर कुठे बिघाड झाला तर त्या भागांतून सतत प्रवाह वाहू लागतो, ते तापतात, आणि बटण बंद केलं तरी दुसरी तार चालूच राहते. घरी रक्षण करणारा बोर्ड तिथे आगीचं कारण होतो. साधा एक्स्टेन्शन बोर्डही बऱ्याच कंपन्या चालू देत नाहीत.

यावर उपाय म्हणजे एकच चार तोंडांचा यूएसबी चार्जर, साधारण 65 वॉटचा, दोन गोल पिनांचा. जहाजावर सहसा युरोपीय पद्धतीचं 220 व्होल्टचं आणि अमेरिकी पद्धतीचं 110 व्होल्टचं सॉकेट असतं. आपले मोबाईल चार्जर दोन गोल पिनांचे, ते युरोपीय सॉकेटात बसतात. अडचण येते ती अंगाची: ते सॉकेट भिंतीत खोल, वाटीसारखं असतं आणि रुंद अंगाचा चार्जर कडेलाच अडतो. म्हणून निमुळत्या नाकाचा चार्जर निवडा. अमेरिकी चपट्या सॉकेटासाठी एक छोटा अॅडॅप्टर ठेवा. चार्जरवर ‘100–240’ छापलेलं असेल तर दोन्हीकडे चालतो. आपली तीन पिनांची जाड प्लग या दोन्हींत बसत नाही, तेव्हा लॅपटॉपची तार आधी तपासा.

इस्त्री, चहाची विजेची किटली, पाण्यात बुडवायचा रॉड, मेणबत्ती, अगरबत्ती, कापूर या सगळ्याला बंदी असते. सांजवात चुकवायची नसेल तर बॅटरीची पणती न्या. खिडकी नसलेल्या खोलीत रात्री डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही, तेव्हा तीच पणती बाथरूमच्या वाटेवर ठेवा.

ओले कपडे वाळत नाहीत आणि खोलीला कुबट वास येतो, असं बहिणीने सांगितलं. बाल्कनीत दोरी बांधली तर?
— एक वाचिका, अलिबाग

बाल्कनीत दोरी नको. कपडा उडून समुद्रात किंवा खालच्या बाल्कनीत जातो, आणि खारा वारा कपडे वाळवण्यापेक्षा चिकट करतो, हे अलिबागकरांना वेगळं सांगायला नको. दारही उघडं ठेवू नका: दमट हवा आत आली की गार पत्र्यावर पाणी जमतं, आणि काही जहाजांवर दार उघडं असलं की एसीच बंद पडतो.

कपडा आधी कोरड्या पंचात गुंडाळून, वर गुडघा देऊन पिळून घ्या. मग बाथरूममध्ये लटकवा, कारण तिथली हवा यंत्राने सतत बाहेर खेचली जाते. शॉवरमध्ये बऱ्याचदा ओढून काढायची दोरी असते, तिच्यावर एका वेळी दोन पातळ कपडे पुरेत. जीन्स आणि जाड टॉवेल धुवायच्या भानगडीत पडू नका. पोहण्याचे कपडे मात्र रात्री लटकवले की सकाळी तयार. बॅगेत डांबरगोळ्या टाकू नका, एवढ्याशा खोलीत त्या वासानेच डोकं दुखतं. आणि गोव्याहून येताना सुके बांगडे घेतलेच, तर दोन डब्यांच्या आत भरले तरी शेजाऱ्यांना कळतं.

सासूबाईंना इन्सुलिन आहे, मला बोट लागते. औषधं कुठे ठेवायची?
— एक वाचिका, गुहागर

मोठ्या बॅगा तुम्ही टर्मिनलवर देता आणि त्या खोलीशी पोचायला काही तास लागतात. औषधं, चष्मा, ओळखपत्रं, चार्जर, मुलांचा पोहण्याचा जोड आणि सगळी मौल्यवान चीज हातातल्या पाठपिशवीत ठेवा. लक्षद्वीपला जाणार असाल तर प्रवेश परवान्याचे कागदही तिथेच. औषधं मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

खोलीतला छोटा फ्रिज नुसता थंडावा देणारा असतो, त्यावर भरवसा नको. चढल्यावर लगेच विचारा, बहुतेक जहाजांवर वैद्यकीय विभाग इन्सुलिन ठेवून घेतो. फ्रिज वापरलाच तर पेन मागच्या गार पत्र्याला टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नसतं. चालू असलेलं पेन बहुतेक प्रकारांत 25 ते 30 अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं, नेमकं पाकिटावर वाचा.

बोट लागण्यावरची प्रोमेथाझिन जातीची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग कमी. सुटण्याआधी एक-दोन तास घ्यावी लागते. ती झोप आणते, आणि दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जोडीला सुंठेची किंवा आल्याची वडी ठेवा. आणि खोली अजून निवडायची असेल तर जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावा सगळ्यांत कमी.

शेवटच्या दिवशी काय गडबड होते?
— एक वाचक, देवगड

आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, आणि दर सहलीत कुणीतरी सकाळचे कपडेही त्यातच भरून टाकतं. म्हणून जेवणाला जाण्यापूर्वी उद्याचा जोड, चपला आणि दात घासायचं सामान पाठपिशवीत टाका, बाकीचं मग भरा. निघताना तिजोरी, उशांच्या खाली, बाथरूमच्या दारामागे आणि दुमडलेल्या बर्थच्या फटीत हात घालून बघा. मुलांच्या वस्तू त्या फटीत सापडतात. चुंबकाच्या कड्या पांढऱ्या असतील तर पांढऱ्या भिंतीवर दिसत नाहीत आणि तिथेच राहतात. लाल घ्या.