साथीच्या काळात शाळेला शासनाकडून काय मिळते आणि गावाने काय ठरवून ठेवावे

आपण विचारले आहे की, सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आपली नुकतीच निवड झाली आहे, समितीला शाळेचा आपत्ती आराखडा नव्याने लिहायचा आहे, आणि पुन्हा एखादी साथ आली तर शासन काय सांगते, काय देते व समितीच्या हाती नेमके काय राहते, हे कोविडच्या अनुभवावरून कोणी सांगावे. त्या काळात मी सातारा जिल्ह्यात केंद्रप्रमुख म्हणून काम करत होतो आणि परिपत्रके वरून खाली पोहोचवणे व गावांच्या अडचणी खालून वर कळवणे हेच माझे रोजचे काम होते, म्हणून सविस्तर लिहितो.

शासनाकडून सूचना येतात आणि निर्णयाचा अधिकारही गावापर्यंत येतो, पण पैसा आणि माणसे त्याच वेगाने येत नाहीत. मधल्या काळात फोन नसलेली, रेंज नसलेली आणि आईवडिलांबरोबर गाव सोडून गेलेली मुले सर्वांत आधी शाळेपासून तुटतात. आपला आराखडा या मुलांपासून सुरू व्हावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मास्क, सॅनिटायझर, थर्मल गन यांची यादी कोणीही करू शकते आणि ती शासनाच्या परिपत्रकात तयारच मिळते.

आदेश कोणाचा मानायचा, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. साथीच्या काळात शाळा बंद किंवा सुरू करण्याचे आदेश साथरोग अधिनियम १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ यांच्या आधारे निघतात. जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, त्यामुळे शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय आला तरी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश येईपर्यंत शाळेचे दार उघडता येत नाही. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू करण्याची परवानगी राज्याने दिली, पण दोन्ही वेळा अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोपवला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तर १७ तारखेपासून शाळा सुरू करण्याचा शासन निर्णय निघाला आणि राज्याच्या कोविड कृती दलातील डॉक्टरांच्या आक्षेपामुळे दोन-तीन दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली. त्याच महिन्याच्या सुरुवातीला राज्याने बहुतेक जिल्ह्यांतील निर्बंध शिथिल केले, तेव्हा निर्बंध कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांत सातारा आणि सांगली हे दोन्ही होते. मुंबईची बातमी दूरचित्रवाणीवर पाहून पालक शाळेच्या दारात येत आणि मुख्याध्यापकांकडे सांगण्यासारखे काही नसे. म्हणून आराखड्यात एक ओळ जरूर लिहावी : गटशिक्षणाधिकाऱ्यांचे लेखी पत्र आल्याशिवाय शाळा सुरू अथवा बंद झाल्याचा निरोप गावात दिला जाणार नाही, आणि तो निरोप देण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे राहील.

गावाच्या अधिकाराचे सर्वांत ठळक उदाहरण जुलै २०२१ चे आहे. महिनाभर एकही रुग्ण न आढळलेल्या गावांत आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलैपासून सुरू करता येतील, असे शासनाने ठरवले आणि निर्णय सरपंचांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे दिला. तलाठी, वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष हे त्यात होते. ग्रामपंचायतीने ठराव करायचा, पालकांची संमती घ्यायची, एका वर्गात १५ ते २० मुले, एका बाकावर एक मूल, दोन बाकांमध्ये सहा फूट अंतर, अशी ती चौकट होती. कागदावर ती मला आजही योग्य वाटते, कारण गावातली साथ गावालाच सर्वांत आधी कळते. पण त्याच सूचनांत शिक्षकांनी शक्यतो गावातच राहावे किंवा सार्वजनिक वाहनाने येऊ नये, असेही म्हटले होते. माण-खटावच्या वाड्यांवर किंवा आपल्या जतच्या पूर्व भागात शिक्षकाला भाड्याने खोली मिळणे किती कठीण असते, हे आपण जाणताच. जिथे ग्रामपंचायतीने एखादी खोली उपलब्ध करून दिली, तिथे सूचना पाळता आली. इतरत्र शिक्षक दुचाकीवरून लांबून येत राहिले. गावात अशी खोली कोणाकडे आहे, हे आजच विचारून ठेवता येईल.

पैशाबाबत आपली अपेक्षा वास्तवाला धरून असावी. वेगळा साथनिधी शाळेच्या खात्यावर येईल असे गृहीत धरू नये. शाळेच्या हातात असते ते समग्र शिक्षा अभियानाचे संयुक्त शाळा अनुदान. ते पटसंख्येवर ठरते आणि त्यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी वापरणे अपेक्षित असते. कमी पटाच्या शाळेत एवढ्यात साबण, फिनाईल आणि खडू-फळ्याचा खर्च कसाबसा निघतो. खरा आधार ग्रामपंचायतीचा असतो, कारण केंद्रीय वित्त आयोगाकडून तिला मिळणाऱ्या निधीचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधलेला आहे. शाळेतील हात धुण्याची जागा, पाण्याची टाकी आणि वापरण्याजोगी स्वच्छतागृहे ही कामे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आधीच बसवून घेतली, तर साथ आल्यावर धावाधाव करावी लागत नाही.

शाळेची इमारत विलगीकरणासाठी घेतली जाईल, हेही गृहीत धरावे. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबई-पुण्याहून जावळी, पाटण, माणकडे आणि परराज्यांतून विटा, खानापूर, आटपाडीकडे गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातील कुटुंबे परतली, तेव्हा अनेक गावांत त्यांना उतरवण्यासाठी शाळेखेरीज दुसरी पक्की इमारत नव्हती. ते योग्यच होते. मात्र इमारत देताना आणि परत घेताना बाके, संगणक, पोषण आहाराचा साठा आणि दप्तर, म्हणजे शाळेची कागदपत्रे, यांची लेखी यादी करावी, दप्तराची खोली वेगळी कुलूपबंद ठेवावी आणि निर्जंतुकीकरण कोण करणार हे ग्रामपंचायतीकडून लिहून घ्यावे.

आता मुख्य विषयाकडे येतो. शिकवणे चालू राहावे म्हणून शासनाने प्रयत्न केले नाहीत असे कोणी म्हणत असेल, तर ते अन्यायाचे होईल. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही मालिका रोज व्हॉट्सॲपवर येत असे, दीक्षा ॲपवर इयत्तावार साहित्य होते, जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली, पुढे व्हॉट्सॲपवर साप्ताहिक ‘स्वाध्याय’ आला, बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळाली आणि त्या वर्षीचा अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी झाला. पण हे सर्व पोहोचण्यासाठी घरात स्मार्टफोन, त्यात पैसे भरलेले, गावात रेंज आणि मूल जागे असताना फोन घरी, एवढ्या चार गोष्टी एकत्र जुळून याव्या लागत. कोयनेच्या जलाशयाकाठच्या वाड्यांत रेंज नव्हती. सपाटीच्या गावांत रेंज होती, पण फोन बापाच्या खिशात दिवसभर शेतावर किंवा कारखान्यावर असे. एका घरात तीन मुले आणि एक फोन असला, तर तो दहावीच्या मुलाकडे जाई आणि पहिली-दुसरीच्या मुलीची पाळी येतच नसे. आपल्याकडे तर कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. मराठीतले साहित्य त्या मुलांच्या काय कामाचे, हा प्रश्न आराखड्यात स्वतंत्रपणे मांडावा आणि कन्नड स्वाध्यायपत्रिका आधीच जमवून ठेवाव्यात.

ज्या शाळांनी मुले टिकवली, त्यांची रीत साधी होती. त्यांनी पटावरील प्रत्येक मुलाची विभागणी केली : घरी स्मार्टफोन असलेली, साधा फोन असलेली आणि कोणताच फोन नसलेली. पहिल्या गटाला व्हॉट्सॲप पुरले. दुसऱ्या गटातील चार-पाच मुलांना शिक्षक ठरलेल्या वेळी एकत्र फोन लावत, गोष्ट वाचून घेत, पाढे म्हणवून घेत. तिसऱ्या गटासाठी शिक्षक वाडीवस्तीवर जात, देवळाच्या ओवरीत किंवा पारावर मोजकी मुले अंतर राखून बसवत, छापील स्वाध्याय देत आणि पुढच्या फेरीत तपासून घेत. ज्या वाडीवर त्यांना जाता येत नसे, तिथे गावातील बारावी झालेल्या किंवा महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली हे काम सांभाळत. या मुलींना गावाने मान दिला, ग्रामपंचायतीने त्यांची नावे फलकावर लिहिली, तर त्या टिकून राहतात, असे मी पाहिले आहे. ही तीन गटांची यादी दर वर्षी जूनमध्ये करावी. साथ आल्यावर ती करायला घेतली, तर संचारबंदीत घरोघरी जाता येत नाही आणि नेमकी तिसऱ्या गटाचीच माहिती अपुरी राहते.

सुमारे सव्वा वर्षाच्या खंडानंतर १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ असा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला. मागील इयत्तेतील आवश्यक क्षमता आधी पक्क्या कराव्यात, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटला. मात्र तोही मुख्यतः फोनवरूनच पोहोचवायचा होता, आणि त्याच जुलैच्या अखेरीस कृष्णा-कोयनेला महापूर आला. पलूस, वाळवा, मिरज भागात पाणी शिरले, पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गेली. तिथल्या मुलांसाठी सेतू अभ्यास नावालाच उरला. एका वेळी एकच आपत्ती येईल असे समजून लिहिलेला आराखडा आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अपुरा पडतो. आपल्याकडे पुराऐवजी दुष्काळ आणि टँकर धरावा. हात धुण्याच्या पाण्याचा प्रश्न जतमध्ये मार्च ते मे या महिन्यांत सर्वांत कठीण असतो.

पोषण आहार हा आधार शाळा बंद असतानाही थांबला नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. रोज पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम या प्रमाणात तांदूळ, सोबत कडधान्य, असा कोरडा शिधा पालकांना दिला गेला. २०२१ च्या उन्हाळी सुट्टीसाठी मात्र धान्याऐवजी पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात देण्याचे ठरले. रक्कम होती पहिली ते पाचवीला १५६ रुपये आणि सहावी ते आठवीला २३४ रुपये. एवढ्यासाठी खाते उघडायला तालुक्याला जायचे, म्हणजे शेतमजूर आईची निदान एका दिवसाची मजुरी बुडवायची. मदत देताना ती घेण्याचा खर्च कोणावर पडतो, हे वरच्या कार्यालयात बसून दिसत नाही; समितीने ते ठरावात लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवले पाहिजे, कारण लेखी ठरावाकडे दुर्लक्ष करणे कठीण जाते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांबद्दल थोडक्यात सांगतो. गळीत हंगामात बीडकडून टोळ्या कराड, वाळवा भागात येतात आणि जतमधूनही कुटुंबे तोडीला बाहेर पडतात. शाळा बंद असल्यामुळे मुलांना मागे ठेवण्याचे कारणच राहिले नाही आणि ती फडावर गेली. अशा मुलांना जाताना शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून दिले जाणारे) द्यावे, मुकादमाचा फोन क्रमांक शाळेत नोंदवावा आणि ती ज्या कारखान्याच्या परिसरात गेली, तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करावा. हे काम फक्त कागदावर होत नाही.

नोंदींचे महत्त्व २०२१ च्या दहावीने शिकवले. परीक्षा रद्द झाली आणि नववीचा निकाल ५० गुण, दहावीचे अंतर्गत लेखी मूल्यमापन ३० व तोंडी-प्रात्यक्षिक २० गुण, असा निकाल लावावा लागला. जिथे वर्षभर घटक चाचण्या व गृहपाठाच्या नोंदी ठेवल्या होत्या, तिथल्या शिक्षकांना प्रत्येक गुणाचा आधार दाखवता आला. आपली शाळा आठवीपर्यंत असली, तरी मूल कोणत्या दिवशी काय वाचू शकत होते, याची एक ओळीची नोंद ठेवण्याचा आग्रह समितीने धरावा. त्याच काळात शिक्षकांना ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणापासून तपासणी नाक्यापर्यंत अनेक कामे होती, हे लक्षात घेऊन नोंदीचा नमुना शक्य तितका छोटा ठेवावा.

शेवटची बाब सर्वांत नाजूक आहे. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाख रुपयांची मुदत ठेव आणि केंद्राने पीएम केअर्समधून वयाच्या २३ व्या वर्षी दहा लाख रुपये देण्याची योजना आणली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा कृती दलही नेमले गेले. या योजना त्या साथीपुरत्या होत्या. एक पालक गमावलेल्या मुलांना मात्र बाल संगोपन योजनेचा आधार आजही मिळतो, आणि दरमहा १,१०० रुपयांचे अनुदान २०२३ पासून २,२५० रुपये झाले आहे. बापाच्या मृत्यूनंतर आई मुलांना घेऊन माहेरी गेली, तर त्या मुलाचे नाव एका गावातून सुटते आणि दुसऱ्या गावात लागत नाही. अंगणवाडी सेविका, आशा सेविका आणि मुख्याध्यापक यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून अशा मुलांची यादी ताजी करावी, मृत्यू दाखला, शिधापत्रिका आणि शाळेचे बोनाफाईड एकत्र करून अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोहोचवावा आणि पोच घेऊन शाळेच्या फाईलला लावावी. समितीच्या पहिल्या बैठकीत हा विषय घेता आला, तर घ्यावा. त्यासाठी साथीची वाट पाहावी लागत नाही.