मुलीने कन्सल्टिंगची नोकरी घ्यावी का?

सप्रेम नमस्कार,

आपली मुलगी मुंबईच्या आयआयटीत केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, एका मोठ्या व्यवस्थापन सल्लागार कंपनीने तिला गुरुग्राममध्ये बिझनेस अ‍ॅनालिस्टची जागा देऊ केली आहे, आणि 'तिथे माणसाला पिळून काढतात' असे नातेवाइकांकडून ऐकल्यापासून आपल्याला घोर लागला आहे, असे आपण लिहिता. ही काळजी निराधार नाही.

सोमवारी पहाटेच्या विमानाने क्लायंटच्या गावी जायचे, गुरुवारी रात्री परतायचे, आणि मोठ्या सादरीकरणाच्या आधी बारा-चौदा तासांचे दिवस काढायचे, हे या क्षेत्रात नवलाचे नाही. मात्र बाविसाव्या वर्षी इतके शिकायला मिळणाऱ्या जागाही थोड्याच असतात. आज सिमेंट कारखान्याचा वाहतूक खर्च, चार महिन्यांनी एखाद्या बँकेची कर्जवसुली. दर वेळी अनोळखी धंदा समजून घ्यायचा, आकडे जुळवायचे, कारखान्यातल्या माणसांशी बोलायचे आणि संचालकांपुढे टिकेल असा निष्कर्ष मांडायचा. मॅनेजरने पाच वेळा परत पाठवलेली स्लाइड सहाव्यांदा करताना विचाराला जी शिस्त लागते, ती पुढे कुठेही उपयोगी पडते.

तासांपेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो सततच्या मूल्यमापनाचा ताण. प्रत्येक प्रोजेक्टनंतर कामाचा लेखी हिशेब होतो, आणि अनेक मोठ्या कंपन्यांत 'अप ऑर आउट' हा नियम असतो: ठरावीक काळात वरची पायरी गाठा, नाही तर बाहेर पडा. एका पार्टनरच्या, म्हणजे कंपनीतील सर्वांत वरच्या पायरीवरच्या भागीदाराच्या, हाताखाली बरेच कनिष्ठ सल्लागार असल्यामुळे बहुतेकांनी कधी तरी बाहेर पडणे या रचनेतच गृहीत धरलेले आहे. पुढे पेप्सिकोच्या प्रमुख झालेल्या इंद्रा नूयी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीत आणि पुढे गूगलचे प्रमुख झालेले सुंदर पिचाई मॅकिन्झी या अशाच कंपनीत होते. दोघांचीही मोठी कारकीर्द तिथून बाहेर पडल्यानंतरच घडली. म्हणून दोन-तीन वर्षांनी ती बाहेर पडली, तर घरात त्याला अपयश म्हणायचे नाही, हे तिला रुजू होण्यापूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगा. वरिष्ठांची कठोर टिप्पणी मुले पचवतात. आईवडिलांचा हिरमुसलेला चेहरा त्यांना पचत नाही, असा माझा अनुभव आहे.

होकार कळवण्यापूर्वी तिने त्याच कार्यालयातील दोन वर्षे जुन्या सहकाऱ्यांशी बोलावे. प्रोजेक्ट कोण ठरवते, शनिवार-रविवार खरोखर मोकळे मिळतात का, आजारपणात काम कोण सांभाळते, आणि न पटणाऱ्या क्लायंटचे काम नाकारता येते का, हे तिने विचारावे. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम सुचवतो आहे. ओपिऑइड, म्हणजे व्यसन लावू शकणाऱ्या वेदनाशामक, औषधांच्या विक्रीसाठी दिलेल्या सल्ल्यावरून मॅकिन्झीने 2021 मध्ये अमेरिकेतील राज्यांशी 57 कोटी डॉलरहून अधिक रकमेची तडजोड केली. तरुण अ‍ॅनालिस्टलाही आपण कोणासाठी राबतो आहोत, हे विचारता आले पाहिजे.

तिला प्लांटवरच्या कामाची किंवा संशोधनाची मनापासून ओढ असेल, तर मात्र मी ही नोकरी सुचवणार नाही, कारण दोन वर्षांनी त्या वाटेवर परतणे अवघड जाते. तशी ओढ नसेल, तर तिने जरूर जावे. फक्त तिच्या पगाराच्या भरवशावर पहिली दोन वर्षे घराचे कर्ज काढू नका. मासिक हप्ता डोक्यावर असला की नोकरी सोडण्याची मोकळीक नावापुरतीच उरते.