शुद्धलेखनाचं टेन्शन घेऊ नकोस

अरे तू नवीन आहेस म्हणून सांगतो, नियम घोकत बसू नकोस, आधी ते आले कुठून ते बघ. गिरगावात कोणाच्या घरी जुनी लग्नपत्रिका, वहीबिही मिळाली तर चाळून बघ, नांव, पांच, घरांत असं टिंब देऊन लिहिलेलं सापडेल, ती काय चूक नव्हती, तेव्हा तसंच लिहायचे, पण बोलताना ते टिंब कोणी उच्चारत नव्हतं म्हणून १९६२च्या नियमांनी काढून टाकलं. आता 'घरांत' म्हणजे अनेक घरांमध्ये, एका टिंबाने किती फरक पडतो बघ! कवि, गुरु संस्कृतात ऱ्हस्व, आपण शेवट लांबवतो म्हणून मराठीत कवी, गुरू. 'आणि' मात्र ऱ्हस्वच हां, इथे सगळे आपटतात (मीपण).

इंग्रजीत उलटं, सरदारवाल्या 'नाइट' (knight) मधला के पूर्वी खरंच बोलायचे, उच्चार गेला, स्पेलिंग राहिलं. तुर्कीने तर १९२८मध्ये लिपीच बदलली, अरबी सोडून रोमन.

आणि 'केलं', 'गेलं' बिनधास्त लिही, ऑफिसच्या पत्रात तेवढं 'केले' कर.